कापसाच्या बोळ्यातलं पाणी

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशाला टेस्टर आणि कपाळाला आठ्या अशा अवतारात ते एखाद्या इमारतीच्या मशीनरूममध्ये शिरले की परीक्षा घ्यायला आल्यासारखे दिसत. कुणीतरी एकदा मास्तर म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. घरात खरी शिकवणारी त्यांची बायको. ती मुलांना पियानो शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिला सगळे बाई म्हणत.

घरात मास्तरांना आणखी एक पदवी होती: काळजीवाहू सरकार. ही मुलानं कॉलेजात असताना दिली होती आणि ती काही उगाच नव्हती. गॅसचं बटण बंद केल्यावर ते पुन्हा जाऊन बघत. बाहेर पडल्यावर जिन्यातून परत येऊन कुलूप ओढून बघत. लोक लिफ्टमध्ये शिरले की आरशात बघतात, मास्तर मान तिरकी करून ब्रेकचा आवाज ऐकत. चर्चमध्येसुद्धा ते कायम शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसत. उद्या आग लागली तर दार उघडायला कुणीतरी नको का, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, तुमच्यासाठी देवानं वेगळा देवदूत नेमला असणार, आणि तोसुद्धा आता रजेचा अर्ज घेऊन हिंडत असेल.

काळजीवर त्यांनी एकच औषध शोधून काढलं होतं, ते म्हणजे चित्रांची कोडी. मोठ्या चित्राचे शेकडो तुकडे जेवणाच्या टेबलावर पसरून ते तासन्‌तास बसत. घरातली माणसं टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात ताटं टेकवून जेवत. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं जाता जाता आभाळाचा एक तुकडा अचूक बसवला. मास्तरांनी वर पाहिलं आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ जमलं, ते मुलानं पुढे वेगळं बिऱ्हाड केलं तरी टिकलं. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करायची, हाताची आणि डोक्याची शांत. मुलगा शाळेत गणित शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये वचनं वाचायचा. त्याचा आवाज भारदस्त होता आणि स्वभाव हट्टी. एकदा मांडलेलं गणित तो पुसत नसे.

या घरावर एक आघात होऊन गेला होता. सूनबाईचं पहिलं बाळ जन्मलं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. तेव्हा चर्चचे पाळकसाहेब आपली काळी बॅग घेऊन धावत हॉस्पिटलात आले होते, त्यांनी बाळाला बाप्तिस्मा दिला, प्रार्थना केली, आणि ती संपते न संपते तोच सगळं आटोपलं. पाळकसाहेबांचा त्यात काय दोष? पण मुलाच्या मनात त्या काळ्या बॅगेची अढी बसली. पुढे कितीतरी दिवस पाळकसाहेब समोरून आले की तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली, तीही घाईनं, दिवस भरायच्या कितीतरी आधी. एवढीशी, की मास्तरांना वाटलं त्यांच्या जुन्या टोपीत मावेल. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातोंडात नळ्या घातल्या, अंगाला तारा चिकटवल्या. नाव ठेवायचा कुणाला धीर झाला नाही. मास्तर तिला पहिल्या दिवसापासून चिमणी म्हणायला लागले आणि मग नर्सासुद्धा तेच म्हणू लागल्या.

मुलानं पहिल्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना उभं करून सांगून टाकलं.

"पाळकसाहेबांना इथं बोलवायचं नाही. तिचा बाप्तिस्मा चर्चमध्ये होईल, सगळ्यांसमोर, ती घरी आल्यावर. तोवर तिला कुणी पाणी लावायचं नाही."

बाईंनी मान हलवली. मास्तरांनीही हलवली. पण त्यांना ते पटलं नव्हतं. ते जुन्या वळणाचे. बाप्तिस्म्याशिवाय लेकरू जायला नको, आणि पाळक जवळ नसले तर घरच्या कुणीही तो द्यावा, हे त्यांच्या आईनं त्यांना बोट धरून चालवताना शिकवलेलं. पण मुलाच्या तोंडाकडे बघून हे बोलणार कोण?

पाळ्या लागल्या. काचेच्या पेटीपाशी एका वेळी एकच माणूस बसायचं. आत जाताना हात धुवायचे, हिरवा झगा घालायचा, आणि फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा. मास्तर दुपारी बसत. मुलीच्या छातीचा भाता वरखाली होताना बघत. यंत्राचा आवाज ऐकून त्यांना हळूहळू कळायला लागलं की कुठला आवाज रोजचा आणि कुठला वेगळा. हॉस्पिटलच्या लिफ्टचा ब्रेक मात्र त्यांना पसंत नव्हता. त्यांनी तिथल्या लिफ्टमनला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो त्यांना बघून जिन्यानं गेला.

त्या दिवशी दुपारी सूनबाई खालच्या मजल्यावर तापानं फणफणली होती. बाई तिच्या उशाशी होत्या. मुलगा शाळेत वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवायला गेला होता. मास्तरांना आधी वाटलं, चिमणीचं पोट आज जरा मोठं दिसतंय. मग तिचा रंग उतरला. ते नर्सबाईंना हाक मारणार तोच यंत्र वेगळ्याच आवाजात ओरडू लागलं.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी पोटावर बोटं टेकवली, कुणाला तरी फोन केला. मास्तर भिंतीला चिकटून उभे राहिले. डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आतड्याला इजा झाली आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल, नाही केलं तर हाती काही लागणार नाही आणि केलं तरी एवढ्या लहान जिवाची खात्री देता येत नाही. आईची सही घ्यायला एक सिस्टर खाली पळाली होती.

मुलाला फोन करायला हवा होता. फोन बाहेरच्या कपाटात. बाहेर जायचं तर झगा काढायचा, परत यायचं तर पुन्हा हात धुवायचे, आणि तेवढ्यात हे लोक तिला घेऊन जाणार. पेटीला खाली चाकं होती, ती सोडवायचं काम सुरूही झालं होतं.

थोराड, अबोल अशा एक नर्सबाई तिथे होत्या. त्या मास्तरांकडे न बघताच म्हणाल्या, "आजोबा, तिच्याशी बोलायचं असेल तर आत्ता बोला. मग वेळ नाही मिळायचा."

मास्तर पेटीपाशी गेले. बाजूच्या गोल झडपेतून त्यांनी हात आत घातला आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, "थोडं पाणी मिळेल का?"

नर्सबाईंना वाटलं म्हातारा घाबरलाय, त्याला प्यायला हवंय. मग त्यांनी मास्तरांचा चेहरा पाहिला. त्यांनी एका बाटलीतल्या शुद्ध पाण्यात कापसाचा बोळा बुडवला आणि चिमट्यानं त्यांच्या हातात दिला. मास्तरांच्या डोळ्यांसमोर मुलगा उभा होता, कॉरिडॉरमध्ये, बोट रोखून. त्यांनी बोळा चिमणीच्या कपाळावर धरून दाबला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

"चिमणे, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

नर्सबाई कुठल्या धर्माच्या होत्या कोण जाणे, पण तेवढा वेळ त्या हात जोडून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग पेटी हलली आणि दारातून गेली. मास्तरांच्या हातात ओला कापूस राहिला. तो कुठे टाकावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला.

मुलगा आला तेव्हा ऑपरेशन चालू होतं. सगळे बाकावर बसले होते. सूनबाईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, अंगावर पांघरूण घेऊन ती दाराकडे बघत होती. आत्ता सांगून मुलाच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती.

चिमणी जगली. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की निभावलं, पण अजून लांबचा पल्ला आहे. पल्ला लांबचाच होता. पुढचे कित्येक आठवडे कधी वजन वाढे, कधी घटे, कधी ताप येई, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. मग हळूहळू एकेक नळी निघाली. एक दिवस काचेची पेटीही सुटली, आणि दोन ब्लँकेटांत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन मुलगा आणि सूनबाई आपल्या घरी आले. बाईंनी त्या रात्री पियानोवर नुसत्या सुरावटी वाजवल्या, गाणं कुठलंच नाही.

घरी आल्यावर मुलानं पहिलं काम केलं ते पाळकसाहेबांना भेटायचं. त्यानं स्वतः जाऊन बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला. पाहुण्यांना निरोप गेले. सूनबाईच्या आईनं पांढरा झगा शिवायला घेतला. मुलाच्या चेहऱ्यावर असा उजेड मास्तरांनी फार दिवसांत पाहिला नव्हता, आणि तो बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण बाप्तिस्मा एकदाच होतो. तो दुसऱ्यांदा देत नाहीत, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. मग आता काय? गप्प राहावं तर चर्चमध्ये, देवासमोर, आपल्या डोळ्यांदेखत खोटा कारभार होऊ द्यायचा. सांगावं तर मुलाचा शब्द मोडल्याचं कबूल करायचं. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना भलतीच शंका यायची. आपण दिलेला बाप्तिस्मा झाला तरी होता का? कापसाच्या बोळ्यातलं पाणी ते केवढं? ते वाहिलं की नुसतं ओलं झालं? झाला असेल तर एक पंचाईत आणि नसेल झाला तर दुसरीच. ते उठून गॅसचं बटण बघून यायचे.

कोड्याचं चित्र महिनाभर अर्धवट पडून राहिलं. बाईंनी ते पाहिलं होतं. एक दिवस मास्तरांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा पूर्ण प्यायले, तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"अहो, काय झालंय ते सांगून टाका. डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय का, आमच्यापासून लपवून?"

मास्तरांनी सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. त्या रागावल्या नाहीत हे बघून मास्तरांना जास्तच भीती वाटली. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं आणि मीही सांगितलं नसतं, तेव्हा आपण दोघंही एका माळेचे मणी, पण पाळकसाहेबांकडे तुम्ही एकटेच जा.

पाळकसाहेब चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या मोजून रचत होते. मास्तरही हातभार लावायला लागले आणि खुर्च्या रचता रचताच सगळं बोलून गेले. पाळकसाहेब थांबले. त्यांनी दोन खुर्च्या पुन्हा खाली मांडल्या, मास्तरांना बसवलं आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणीच होतं ना? शुद्ध पाणी, मास्तर म्हणाले. शब्द काय म्हटलेत? मास्तरांनी शब्द सांगितले. पाळकसाहेबांनी ते पुन्हा म्हणायला लावले.

"चिमणे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाव ठेवलेलं नव्हतं, साहेब. दुसरं काय म्हणणार?"

पाळकसाहेबांनी हसू दाबलं. मग विचारलं, "पाणी वाहिलं का?"

मास्तरांनी डोळे मिटून आठवलं. "एक थेंब कानामागे उतरला. गादी ओली होईल म्हणून मी तो बोटानं टिपला."

"मग झालं तर. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, मास्तर. मी पुन्हा पाणी घालणार नाही. बाकीचं सगळं करू, मंडळीत तिचं स्वागत करू, गॉडफादर-गॉडमदर वचनं देतील. पण त्या वेळी मला सगळ्यांसमोर विचारावं लागतं की या बाळाला बाप्तिस्मा कुणी दिला, कशानं दिला, कोणत्या शब्दांत दिला. आणि उत्तर बाप देतो."

मास्तरांच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी हळूच विचारलं की हे मुलाला तुम्ही नाही का सांगू शकणार, तुम्हाला समजावण्याची सवय असते. पाळकसाहेब म्हणाले की माझी बॅग बघून तो अजून नाडी बांधतो, मास्तर. हे तुम्हीच सांगायचं.

सांगायचं ठरलं, पण घोडं दर वेळी पेंड खायला लागलं. पहिल्यांदा मास्तर मुलाच्या घरी गेले तर तो वॉशिंग मशीन उघडून बसला होता. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, दोघांनी मिळून पट्टा बसवला, आणि मशीन चालू झाल्यावर मुलगा इतका खूश झाला की ते तसेच परतले. दुसऱ्यांदा उपासना संपल्यावर गाठलं तर गायकवृंदातल्या एक काकू मध्येच येऊन बाळाच्या झग्याच्या झालरीविषयी विचारत राहिल्या. तिसऱ्यांदा फोन केला. मुलगा म्हणाला, बोला बाबा. मास्तरांनी विचारलं, चिमणीला औषध दिलं का? मुलगा म्हणाला, दिलं. मास्तर म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला. बाई शेजारी उभ्या होत्या. त्या नुसती मान हलवून स्वयंपाकघरात गेल्या.

रविवार जवळ आला. मुलगा एका संध्याकाळी स्वतःच आला, पाहुण्यांच्या जेवणासाठी घरातल्या जास्तीच्या खुर्च्या मागायला. कोड्याच्या टेबलाशी बसून त्यानं सहज एक तुकडा उचलला. बाईंनी आतल्या खोलीतल्या शिकवणीच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

मास्तर म्हणाले, "चिमणीचा बाप्तिस्मा झालाय."

मुलाला वाटलं बाबा काही विनोद करताहेत. त्यानं हसून वर पाहिलं.

"ऑपरेशनला नेत होते तेव्हा. मी दिला. तुझा फोन लागला असता की नाही माहीत नाही, मी केलाच नाही. फोन बाहेर होता."

आतल्या खोलीतली मुलगी एकाच जागी अडखळत होती. मुलानं तुकडा टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला.

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"म्हणजे तुम्हाला वाटलं ती जाणार."

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी प्रयत्न केला, पण जमेना. "हो. मला वाटलं."

"तुम्ही तिला सोडून दिलंत, बाबा. आम्ही कुणी सोडलं नव्हतं. तुम्ही सोडून दिलंत."

"सोडलं नाही रे," मास्तर म्हणाले. "ती गेलीच असती तर एकटी जायला नको होती. एवढंच."

मुलगा उठला. खुर्च्या न घेताच गेला. तो जिना उतरत असताना मास्तर गॅलरीत आले आणि त्यानं रस्ता नीट ओलांडला का ते बघत राहिले.

त्यानंतर मुलाचा फोन नाही, निरोप नाही. रविवार रद्द झाला का, तेही कळेना. पाळकसाहेबांना विचारायचं धाडस होईना. मास्तर दिवसातून कितीदा तरी फोन उचलून चालू आहे का बघत. बाईंनी नेहमीच्या शिकवण्या घेतल्या, पण एका मुलीला दोनदा तीच सुरावट शिकवली. संध्याकाळी दोघं एकमेकांसमोर कानकोंडे होऊन जेवत. मास्तरांच्या मनात नको नको ते विचार यायचे. मुलगा आता घरी येणार नाही. चिमणी मोठी होईल आणि आपण तिला चर्चमध्ये चार बाकं पलीकडून बघू.

शुक्रवारी सूनबाई आली, चिमणीला छातीशी धरून, एकटी. तिनं बाळ बाईंकडे दिलं आणि ती मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"मला सगळं सांगा, बाबा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

मास्तरांना वाटलं आता हिचाही राग झेलायचा. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. पण सूनबाई मध्येमध्ये विचारत होती ते वेगळंच. तिचे डोळे उघडे होते का? उजवा किंचित उघडा होता, मास्तर म्हणाले. रडत होती का? नाही, ताकद नव्हती. तुमचा हात तिच्या अंगावर होता का? होता, कपाळावर, आणि करंगळी तिनं धरली होती, म्हणजे धरली असं मला वाटलं. नेताना कुणी तिच्याशी बोललं का? त्या नर्सबाई बोलत होत्या, बाहेर जाईपर्यंत.

सगळं सांगून झालं तेव्हा सूनबाई म्हणाली, "पुन्हा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. ऐकताना ती रडत होती, पण चेहरा सैल झाला होता. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट खात होती, ती खाली तापात पडली होती तेव्हा वर आपल्या लेकराजवळ कुणी होतं की नव्हतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. जाताना तिनं सांगितलं की रविवार ठरल्याप्रमाणेच आहे. तो काही बोलत नाही, नुसता वह्या तपासत बसतो, पण झगा त्यानं स्वतः इस्त्री करून ठेवलाय. चर्चमध्ये तो काय उत्तर देईल ते मात्र मला विचारू नका, मला माहीत नाही.

रविवारी मास्तर नेहमीसारखे शेवटच्या बाकावर बसायला निघाले, पण बाईंनी ऑर्गनकडे जाता जाता त्यांना दंडाला धरून पहिल्या बाकापाशी आणून सोडलं. मुलगा आला. त्यानं वडिलांकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये सूनबाई आणि तिची आई. चिमणी पांढऱ्या झग्यात झोपली होती. गीत सुरू झालं तरी मास्तरांच्या तोंडून सूर निघेना.

पाळकसाहेबांनी कुटुंबाला पुढे बोलावलं. त्यांनी मंडळीला सांगितलं की हे बाळ फार मोठ्या संकटातून आलं आहे आणि आपण त्याचं स्वागत करणार आहोत. मग त्यांनी पुस्तक उघडलं.

"या बाळाला बाप्तिस्मा कुणी दिला?"

मागे कुणीतरी कुजबुजलं, कारण सगळ्यांना वाटत होतं बाप्तिस्मा आत्ता व्हायचाय. मुलगा समोर बघत उभा राहिला. मास्तरांना त्याच्या कानामागची शीर दिसत होती. लहानपणी हट्टाला पेटला की ती अशीच फुगायची. पाळकसाहेब थांबले, घाई केली नाही. मास्तरांनी ठरवलं की आता आपणच बोलावं आणि त्याला यातून सोडवावं. त्यांनी श्वास घेतला.

"माझ्या वडिलांनी," मुलगा म्हणाला.

"कशानं दिला?"

"पाण्यानं." त्याचा तो वचनं वाचायचा भारदस्त आवाज जरा घोगरा झाला होता.

"कोणत्या शब्दांत?"

मुलगा पहिल्यांदाच वडिलांकडे वळला. "ते त्यांनाच विचारा. मी नव्हतो तिथं. ते होते."

मास्तर बोलले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असेल की नाही, देव जाणे, पण 'चिमणे' हा शब्द मात्र पोचला, कारण गायकवृंदातल्या काकू खुदकन हसल्या, आणि मग इकडेतिकडे बरेच जण डोळे पुसत हसले. पाळकसाहेबांनी सगळं जसं व्हायला हवं तसं झालं आहे असं जाहीर केलं. आईबापांनी ठरवलेलं नाव मोठ्यानं उच्चारलं, गॉडफादर-गॉडमदरनं वचनं दिली. चिमणीनं ऐन प्रार्थनेत भोकाड पसरलं. मास्तरांनी तो आवाज कान देऊन ऐकला. दम चांगला होता.

जेवण मुलाच्या घरी होतं. पाहुणे होते, मुलं धावत होती, बाईंच्या विद्यार्थिनींनी केकवरची साखरेची फुलं आधीच खाऊन टाकली होती. बापलेकांना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली नाही आणि दोघांनी ती शोधलीही नाही. पाहुणे पांगल्यावर मास्तर टोपी शोधू लागले. तेवढ्यात मुलगा बाळाला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. कितीतरी रात्री तो धड झोपला नसणार, हे मास्तरांना आत्ता दिसलं.

"माझा राग गेलेला नाही, बाबा," तो हळू म्हणाला.

"नसू दे," मास्तर म्हणाले.

"आम्ही दोघं जरा पडतो. हिला बघाल? दूध झालंय. खोकली तर आडवी धरू नका, उभी धरा. श्वास वेगळा वाटला तर लगेच हाक मारा. तुम्हाला कळतं."

मास्तर खुर्चीत नीट मागे सरकून बसले आणि त्यानं लेक त्यांच्या हातात दिली. मग तो आत गेला. थोड्याच वेळात आतून त्याचं घोरणं ऐकू आलं.

चिमणी झोपली. तिचं डोकं मास्तरांच्या कोपरावर होतं आणि थोड्या वेळानं तो हात बधिर झाला. हलवावा तर ती जागी होईल, न हलवावा तर हातातली ताकद जाऊन ती निसटेल, अशी नवीनच काळजी त्यांना लागली. बाई चहा घेऊन आल्या. मास्तरांनी डोळ्यांनीच खुणावलं की हात मोकळा नाही. बाईंनी स्टूल ओढून घेतलं, त्या शेजारी बसल्या आणि बशीत ओतलेला चहा त्यांनी फुंकून मास्तरांच्या ओठांशी धरला.

"आवाज करू नका," त्या म्हणाल्या.

मास्तर आवाज न करता चहा प्यायले.